आधी मला ऐकू दे

वॉर्डात ‘छान केस’ आली की आम्हा विद्यार्थ्यांची रांग लागते. छान म्हणजे जिच्यात आजार ठळक कळतो अशी. त्या दिवशी छान होतं एका मावशींचं हृदय. झडप नीट मिटत नव्हती, म्हणून प्रत्येक ठोक्यामागून फुर्र असा आवाज यायचा. तो कानात बसावा म्हणून आम्ही एकेक जण त्यांच्या छातीवर स्टेथोस्कोप टेकवत होतो. “अप्रतिम!” कुणीतरी म्हणालं. मावशी छताकडे बघत पडल्या होत्या.

माझी पाळी आली आणि त्यांनी पदर ओढून घेतला. “समद्यांनी ऐकलं. माझंच हाय न्हवं ते? मग आधी मला ऐकू दे.”

“वेळ घालवू नकोस,” सर मला म्हणाले.

वॉर्डातल्या शिकाऊ पोस्टिंगमध्ये आम्हाला बोटांनी यकृत चाचपायला शिकवतात, नखांचा रंग वाचायला शिकवतात. पण ज्याच्या शरीरात आम्ही असे बिनधास्त हिंडतो, त्यालाही त्यातलं काही दाखवावं, हे कुणी शिकवत नाही. दुसऱ्याच्या घरात शिरायचं आणि घरमालकालाच अंगणात उभं करायचं, ही कुठली रीत?

मी स्टेथोस्कोप मावशींच्या कानांना लावला आणि त्याची चकती त्यांच्या छातीवर टेकवली. त्यांनी डोळे मिटले.

“दे इकडे,” सरांनी हात पुढे केला. मी जागची हलले नाही. मावशींनी डोळे न उघडताच तळहात वर केला आणि सगळ्या रांगेला थांबवलं.

थांबले सगळे. सरसुद्धा.