उत्तराबाईंचा माफीनामा

उत्तराबाई गजभियेंचा संघपाल जर्मनीत जेलात गेला, ही बातमी बेसा भागात सकाळच्या दुधाबरोबर घरोघर पोचली. चौकात ती सायकलचोरी होती, विहारापर्यंत जाता जाता सायकलीची मोटार झाली. खरं एवढंच, की पोरगा तिथल्या आपल्या खोलीत वरणभात खात बसला होता आणि समोर पोलिसांचं पत्र होतं.

तिकडं लोक नकोसं सामान ठरल्या दिवशी फुटपाथवर काढून ठेवतात. संघपालनं तशाच ढिगाला टेकलेली सायकल उचलली. मालकानं चोरीची तक्रार दिली. आरोपी म्हणून ठाण्यात या, नाहीतर म्हणणं लेखी कळवा, असं पत्रात होतं. शिक्षा झाली तर व्हिसा वाढवताना ती आडवी येणार, अन् शिक्षणाचं एक वर्ष अजून बाकी.

आता उत्तराबाई म्हणजे कोर्टाबाहेर पंचवीस वर्षं टाइपरायटर मांडून बसलेल्या अर्जनवीस. पारशिवनीकडची माणसं भांडून आली की आधी त्यांच्यासमोर बसतात. बाई ऐकतात कमी, लिहितात जास्त. त्यांच्या एका माफीनाम्यानं मारामारी ठाण्यातच मिटते, असा लौकिक. त्यांनी लगेच कागद चढवला: ‘सायकल कोणाची तरी असावी असे मनात आले होते, तरी मोहापायी उचलली. अजाण समजून क्षमा असावी.’ पोराच्या मनात असं काही आलंच नव्हतं. पण त्याशिवाय माफीनाम्याला वजन येत नाही.

हे आधी वकिलाला दाखवतो, असं संघपाल फोनवर म्हणाला. बाईंना ते लागलं. तरी सल्ला दिलाच, "जो म्हणते मी सगळ्याच केसा घेतो, त्याच्या दारात जाऊ नको गा. नुसता फौजदारीवाला शोध."

विद्यापीठातल्या सल्ला कार्यालयानं वकील संघाची यादी दिली. त्यात फक्त फौजदारी चालवणारी, इंग्रजी बोलणारी एक वकीलबाई सापडली. तिनं फी आधी लेखी कळवली. मग माफीनाम्याचं भाषांतर वाचलं आणि हे पोलिसांकडे गेलं नाही ना, एवढंच विचारलं. नाही म्हटल्यावर तिनं सांगितलं, ठाण्यात जायचं नाही, काही लिहायचंही नाही. आरोपीला गप्प राहायचा हक्क आहे. आधी मी पोलिसांची फाइल मागवते.

उत्तराबाईंचं डोकं फिरलं. आपल्याकडं गप्प बसला तोच गुन्हेगार. महिनाभर त्या रोज नवा मसुदा पाठवत राहिल्या. पोरानं एकही पुढं सरकवला नाही. जन्मात पहिल्यांदा आईचं न ऐकून त्यानं शहाणपण केलं.

फाइल आली. पुरावा म्हणून मालकानंच एक फोटो जोडला होता. त्यात संघपाल सायकल उचलताना दिसत होता, अन् सायकल मोडक्या खुर्च्या आणि जुन्या गादीला टेकलेली. कुलूप नाही, चाकात हवा नाही. वकीलबाईनं दोन पानांत तेवढंच दाखवून दिलं: सायकल कोणालाही टाकून दिलेलीच वाटली असती, म्हणजे चोरीचा हेतू नव्हता. सरकारी वकिलानं प्रकरण बंद केलं.

शेजारी बसणारे स्टॅम्पवाले वामनराव टपलेलेच होते. "काहून वं उत्तराबाई, तुमचा माफीनामा जर्मनीत कच्चा पडला म्हणते?"

बाईंनी नवा कागद चढवला. "कच्चा नव्हता, वामनराव. एक नंबर होता. कोणत्याही जजनं वाचला असता, तर पोराले शिक्षाच देली असती."