पातळ, रातकिडे आणि दरबारचा शेला

रातकिड्यांच्या किरकिरीचं कौतुक करणाऱ्यांचा मला राग येतो. त्यांचं काही रातकिड्यांनी खाल्लेलं नसतं.

संस्थान विलीन झालं आणि यांची बदली जव्हारहून मोखाड्याच्या कचेरीत झाली. भाड्याचं घर कारवीच्या कुडाचं. शेणमातीचं लिंपण वाळलं की भेगा पडत आणि भेगांत रातकिडे. मी निरगुडीच्या पाल्याचा धूर करी, भेगा बुजवी. एका कोपऱ्यातले गेले की चुलीमागचे ओरडू लागत.

मी सातवीची फायनल पास होते. गावातल्या शाळेत शिक्षिकेची जागा निघाली आणि मला जव्हारला मुलाखतीला बोलावलं. बरं असं एकच पातळ होतं. ते धुऊन तांदळाच्या पेजेची खळ दिली. खळीचं कापड म्हणजे रातकिड्यांना जेवणाचं आमंत्रण. घरात पत्र्याची ट्रंक एकच, आणि तिच्यात यांचा दरबारी कोट आणि दरबारात मानाचा म्हणून मिळालेला जरीचा शेला.

"अहो, मुलाखतीपर्यंत पातळ ट्रंकेत ठेवते."

हे काही बोलायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "बाईचं नेसतं वस्त्र दरबारच्या मानावर ठेवायचं? शोभतं का, सूनबाई?"

"दरबार आहे कुठे आता?"

"आई म्हणते तसं कर," हे म्हणाले.

पातळ बांबूच्या पेटाऱ्यात गेलं. मुलाखतीच्या सकाळी घडी उलगडली, तर एकाच जागी कुरतडलेलं भोक घडीच्या प्रत्येक थरातून आरपार गेलेलं. पाठीवर, खांद्यावर, सगळीकडे भोकं.

"रानातलं घर. किडे असायचेच," हे दात घासत म्हणाले.

"मग कोटाला कसे लागले नाहीत?"

गाडीची वेळ झाली होती. खालची भोकं निऱ्यांत दाबली, ट्रंक उघडली, शेला ओढून काढला आणि दोन्ही खांद्यांवरून घेतला.

"अगं, मानाचा शेला तो!" सासूबाई दारापर्यंत ओरडत आल्या.

"म्हणूनच घेतला," म्हणत मी गाडी गाठली.

जागा मला मिळाली. पहिल्या पगारात मी स्वतःची ट्रंक आणली, कुलपासकट. यांनी शेल्याची चौकशी केली तेव्हा मी पेटाऱ्याकडे बोट दाखवलं.