पुढच्या बैठकीत

कझाकस्तानातल्या कारागांडा शहरात राहणाऱ्या राउशानला एकच काळजी पोखरत होती: आपली लेक एका न पाहिलेल्या माणसाची वाट बघता बघता स्वतःच नाहीशी होत चालली आहे.

ही लेक, साल्तानात, दूर अल्माटी शहरात एकटी राहायची आणि एका खुल्या ब्लॉकचेन प्रकल्पाच्या प्रोग्रामरांची दर गुरुवारची ऑनलाइन बैठक भरवायची. विषय लावायचे, हजेरी घ्यायची, इतिवृत्त सगळ्यांना वाचता येईल असं टाकायचं, हे तिचं काम. शुक्रवारच्या चहाबरोबर राउशान ते वाचायची. 'कोर्साक' हे टोपणनाव सहा महिने गैरहजर होतं आणि त्याचा विषय दर वेळी 'पुढच्या बैठकीत' ढकललेला असायचा.

"काढून टाक की गं त्याचं नाव!" राउशान एकदा म्हणाली.

"अपा," साल्तानात आईला म्हणाली, "तो नेहमी तीन मिनिटं उशिरा यायचा. तेवढं थांबते. कधी कधी त्याचा श्वाससुद्धा ऐकू येतो."

"मग फोन कर त्याला."

"आमच्यात खरं नाव कुणी विचारत नाही, नंबर कुठून आणू? आणि तू उठसूट फोन करू नकोस हं. मी जिवंत आहे हे इतिवृत्तात दिसतंच की तुला!"

या शुक्रवारी इतिवृत्त दुसऱ्याच कुणीतरी लिहिलं होतं. गैरहजर: कोर्साक, साल्तानात. तीन मिनिटं वाट पाहिली. दोघांचे विषय पुढच्या बैठकीत.

राउशानचा चहा निवला. लेकीचा नंबर त्या बैठकीत कुणाकडेच नसणार, राउशानकडे मात्र होता. लेक रागावली तर रागावू दे, असं म्हणत तिनं फोन उचलला.