काकूंना सांगितलेलं खोटं
कांदा किसला, की मला गोरखपूरच्या बाजारातली ती संध्याकाळ आठवते. वजन कमी करायच्या ऑपरेशनला चार महिने झाले होते. केस मुठीनं गळत होते; डॉक्टर म्हणायचे, परत येतील. मी कांद्याचा रस चोळून डोक्यावर ओढणी बांधायची. भाजीच्या ठेल्यापाशी ओढणी घसरली, आणि समोर आमच्या जुन्या शेजारीणकाकू. “काहून गं पोरी, कीमो चालू आहे का?” ऑपरेशन करून बारीक झाले, हे सांगायची लाज वाटली. मी “हो” म्हणाले. काकूंची मुलगी कॅन्सरनंच गेली होती. माझा हात धरून त्या भर बाजारात रडल्या. वर्षभरानं माझे केस परत आलेले पाहून म्हणाल्या, “माझ्या पोरीच्या वेळी देवानं ऐकलं नाही, तुझ्या वेळी ऐकलं.” खरं काय ते मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.