भूल देणारे डॉक्टर

ऐंशीच्या दशकात मी रत्नागिरीला कचेरीबाहेर टाइपरायटर घेऊन बसत असे. सरकारी दवाखान्यात भूल देणारे एक डॉक्टर दर दोन-तीन महिन्यांनी माझ्याकडे यायचे आणि उभ्यानेच मजकूर सांगायचे. मजकूर एकच असायचा. ‘मी येथे एकटाच भूलतज्ज्ञ आहे. एकाच वेळी दोन शस्त्रक्रिया आल्यास एका रुग्णाला थांबावे लागते. तरी दुसरा भूलतज्ज्ञ द्यावा.’ सांगताना त्यांची बोटं स्वतःच्याच मनगटावर नाडी चाचपत असायची. उत्तर कधीच आलं नाही.

एकदा पावस गावाहून आणलेल्या एका बाळंतिणीला असंच थांबावं लागलं. बाई वाचली, मूल गेलं. त्यानंतर डॉक्टर आले तेव्हा म्हणाले, “आज ‘मी’ नको, ‘आम्ही’ लिहा. सरकारी डॉक्टरांच्या संघटनेत गेलोय मी.”

“त्याने काय होणार, डॉक्टर?”

“माझं एकट्याचं पत्र गेलं की वरचे म्हणतात, हा कामाला कंटाळला. सगळ्या जिल्ह्यांतून तेच पत्र गेलं, की तसं म्हणता येत नाही हो.”

संघटनेची माणसं दोनदा मंत्रालयात जाऊन बसली. वर्षभराने दुसरे भूलतज्ज्ञ रुजू झाले.

पुढच्याच आठवड्यात डॉक्टर पुन्हा आले. चार दिवसांच्या रजेचा अर्ज होता.

“कारण काय टाकू?” मी विचारलं.

ते म्हणाले, “केळशीला घरी जायचंय. एवढंच. चालेल ना?”

त्यांच्यासाठी टाइप केलेल्या इतक्या कागदांत स्वतःकरता काही मागणारा तो पहिलाच होता.