नदीकाठच्या गवताची चव

भोरला आमच्या शेजारच्या गोठ्यात एक म्हातारे गडी होते. त्यांचं गाव आणि गायरान भाटघरच्या धरणाखाली गेलं होतं. येताना एक गाय तेवढी आणली, तीही गोठ्याच्या मालकाला विकावी लागली.

खड्ड्यात मुरवलेला चारा सुरू झाला आणि ती दुधाला कमी पडली. मालक तिला बाजार दाखवायला निघाले. म्हाताऱ्यांनी आठ दिवस मागून घेतले. सरकीची पेंड भिजवून त्यात भरडा नि मीठ कालवायचे, आधी स्वतःच्या जिभेवर ठेवून बघायचे, मग तिला भरवायचे.

"नुसत्या चाऱ्यावर न्हाई भागायचं, माय," म्हणायचे.

आठव्या दिवशी दुधाची चरवी भरली. गाय राहिली.

"बाबा, मिटली काळजी," मी म्हटलं.

"व्हय. पर आमच्या नदीकाठच्या गवताची चव कुठनं आणू?"