जीपखालचा पत्रा

माझ्या नवऱ्याला मान वर करून काम करता येत नव्हतं. वर बघितलं की त्याला गरगरायचं. ही गोष्ट आम्हा दोघांनाच माहीत होती, आणि ती बाहेर कळू नये म्हणून मी सहा वर्षं गाड्यांखाली उताणी झोपून वेल्डिंग केलं. आज लिहितानासुद्धा डोकं तापतं, कारण लोक अजून म्हणतात, त्या मिस्त्रीच्या हाताला काय सफाई होती!

शहापूरहून सापगावकडे जाताना रस्त्याला लागून आमचं दुकान होतं. चार पाइपांवर टाकलेले पत्रे, एक वेल्डिंगचं मशीन, एक ग्राइंडर. खिडक्यांच्या जाळ्या, ट्रॉल्यांची फाळकी हा रोजचा धंदा. पण नव्वदीच्या मधल्या वर्षांपासून जीपगाड्या यायला लागल्या. डोळखांबकडचे पाड्यांचे रस्ते म्हणजे ओढ्यातले दगडच. त्यावर आपटून इंजिनाखालचं ऑइलचं चेंबर फुटायचं आणि गाडी जंगलात बसायची. म्हणून जीपवाले पोटाखाली जाड पत्रा, दरवाजांखाली पाइप आणि पुढं जाड लोखंडी चॅनेलचा बंपर बसवून घ्यायचे. गाडीला चिलखत घालायचं म्हणा ना.

नवरा मापं घ्यायचा, पत्रा कापायचा, गिऱ्हाइकाशी बोलायचा. खालचं काम आलं की म्हणायचा, "आता उद्या सकाळी या." गिऱ्हाईक वळणाआड गेलं की पुढं ताडपत्री सोडायची आणि मी त्याची जुनी पँट चढवून गाडीखाली शिरायचं. डोक्यावरचं वेल्डिंग करताना रॉड अगदी जवळ धरावा लागतो, नाहीतर वितळलेलं लोखंड सांध्यात न बसता अंगावर गळतं. माझ्या गळ्यावर त्याचे डाग आहेत. बायका विचारायच्या, तेल उडालं का गो? मी हो म्हणायची. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक यायचं, वाकून खाली बघायचं आणि नवऱ्याच्या पाठीवर थाप मारायचं. तो हसायचा. एकदाही त्याच्या तोंडून निघालं नाही की ही हिची कामं आहेत. एकदाही नाही!

एका वर्षी दिवाळीच्या आधी मुरबाडकडचा एक गवताचा व्यापारी जीप घेऊन आला. लिलावातली मिलिटरीची जीप, चारही चाकांना जोर असलेली. माळांवर कापणी चालू झाली की त्याला ती थेट गवताच्या गंजीपर्यंत न्यायची होती. सोबत ड्रायव्हर होता, माझ्या माहेरच्या बाजूचा, डोळखांबच्या पलीकडच्या पाड्यावरचा.

"पत्रा पाच एमएमचा टाक," शेठ नवऱ्याला बोलला. "आन् चारी बाजूंनी वेल्डिंग मार. बोल्ट नको. बोल्ट म्हंजे कच्चं काम."

आमच्या भागात पक्कं काम म्हणजे चारी बाजूंनी बंद. कुठं फट दिसली की लोकांना वाटतं मिस्त्रीनं चोरी केली. पण माझी आई माळावर गवत कापायची, मीही कापलंय. कापणीच्या दिवसांतलं वाळलं गवत कुठंही घुसतं आणि बिडीच्या ठिणगीनंही पेटतं. मी मागं भांडी घासत होते, ती टाकून पुढं आले.

"शेठ, पत्र्याला भोकं ठेवा, आन् बोल्टवर घ्या. वर इंजिनाकडनं गवत पडून आत साठंल. सायलेन्सरचा पाइप तिथंच हाय. साफ कराया पत्रा खोलता आला पायजे."

शेठनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. नवऱ्याला म्हणाला, "मिस्त्री, तुझ्याकडं कारागीर कोण हाय रे, तू का ही?"

नवरा म्हणाला, "तू जा आत."

मी आत गेले. संध्याकाळी ताडपत्री सोडली आणि मीच तो पत्रा चारी बाजूंनी बंद केला, एक सूतभर फट न ठेवता. हातात काम आलं की ते वाईट करता येत नाही मला, हा माझा दोष. सकाळी शेठनं पत्र्यावर हातोडी वाजवून बघितली आणि खूश झाला. "काय हात हाय मिस्त्री तुझा!" नवरा नेहमीसारखा हसला.

महिना झाला असेल. एक दिवस दुपारी ट्रॅक्टरला दोर बांधून ती जीप आमच्या दारात आली. पुढची सीट कोळसा झालेली, वायरी वितळून लोंबत होत्या, आणि जळक्या गवताचा वास दुकानभर पसरला. माळावर गाडी चालू असतानाच खालून धूर निघाला होता. ड्रायव्हरनं माती टाकली, पण आग पत्र्याच्या आत. पत्रा खोलता येईना, तेव्हा त्यानं बॉनेट उघडून वरून हात घालून पेटलेलं गवत ओढून काढलं. दोन्ही हातांना फडकी गुंडाळून तो बिचारा ट्रॅक्टरच्या चाकाशी बसला होता. शेठ ओरडत होता रंगाबद्दल आणि सीटबद्दल. त्या हातांबद्दल एक शब्द नाही.

मी पाणी नेऊन दिलं. ड्रायव्हर हळूच म्हणाला, "वयनी, तुमी तवाच बोल्ला व्हत्या."

"मग मोठ्यानं बोल की!"

त्यानं शेठकडं पाहिलं आणि मान खाली घातली. त्याच्यावर तरी किती चिडणार? त्याची चूल त्या शेठच्या गाडीवर पेटत होती.

शेठ नवऱ्याच्या अंगावर धावून गेला. "कसलं काम केलंस रे हे?"

आणि माझा नवरा म्हणाला, "मी नाय केलं शेठ. हिनं केलंय."

हे वाक्य ऐकायला मी सहा वर्षं कान देऊन होते. जाळ्या झाल्या, बंपर झाले, किती जीपांची पोटं मी शिवली, तेव्हा ते त्याला सुचलं नाही. गाडी जळाली तेव्हा सुचलं! 

"तरीच!" शेठ म्हणाला. "बाईच्या हातचं काम. आता माझ्यासमोर नवीन कर, तू सोता. हिनं हात लावायचा नाय."

"हो शेठ."

नवऱ्यानं जळका पत्रा बाजूनं कापून काढला. नवीन पत्र्याला मी म्हटलं होतं तशीच भोकं पाडली, बोल्टसाठी पट्ट्या कापल्या. मी खांबाला टेकून उभी होते, कुणी मला काही विचारलं नाही. मग त्या पट्ट्या खालून चेसिसला जोडायची वेळ आली. नवरा जीपखाली गेला. पहिला रॉड लावला तो चिकटला. दुसऱ्याचं लोखंड त्याच्या छातीवर गळलं. तो ओरडला, पुन्हा लावला, पुन्हा गळलं. मला एका वाक्यानं त्याला वाचवता आलं असतं. मी तोंड उघडलं नाही.

बऱ्याच वेळानं तो सरपटत बाहेर आला. चेहरा पांढराफटक. डोकं धरून खाली बसला आणि जमिनीकडं बघत बोलला, "शेठ, मला नाय जमत. माझी मान वर होत नाय. खालची सगळी कामं हीच करते, पयल्यापासून. भोकांचं तीच बोल्ली व्हती, मी गप बसलो."

बरं वाटलं म्हणेन तर खोटं ठरेल. उलट जास्तच राग आला. एवढं सोपं होतं ते, आणि सहा वर्षं!

 शेठनं घड्याळ बघितलं आणि मानेनंच खूण केली, कर. मी साडी वर खोचली, डोळ्यांपुढं धरायची काळी काच घेतली, गाडीखाली गेले. ताडपत्री सोडली नाही. पहिली पट्टी एका दमात बसली. सांध्यावरची जळकी कीट झाडायला थांबले तेव्हा खालून मला शेठच्या चपला आणि त्याचा हात दिसत होता. समोरच्या टपरीवाल्याला तो दोन बोटं दाखवत होता, दोन चहा.

मी काच बाजूला केली आणि गाडीखालूनच ओरडले, "चार सांगा! ड्रायव्हरला आन् मला!"